मुसाफिर कधी मुकीम होतो?

गल्फहून कोणी घरी आलं की आमच्या दिघीत पहिला प्रश्न ठरलेला. "विमान किती वाजता उतरलं?" दुसरा, "किती तास लागले?" गेल्या जूनमध्ये शारजाहून परतलो तेव्हा आठवडाभर मी हीच दोन उत्तरं देत होतो. पहाटे सहाला उतरलं. तीन तास लागले. लोक समाधानाने मान हलवायचे, जणू आम्ही मुंबईच्या विमानतळावरच राहतो. पुढचे साडेसहा तास कोणी विचारले नाहीत. मीही सांगितले नाहीत.

मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या भावाने अम्मीला, मला आणि माझ्या बायकोला तिकडे बोलावलं होतं. बकरी ईद तिकडेच झाली, इथल्यापेक्षा एक दिवस आधी. शाळा १६ जूनला उघडणार, म्हणून १० तारखेचं तिकीट काढलं होतं. अम्मीची सत्तरी उलटली आहे. गुडघे गेलेत, साखर आहे, ब्लडप्रेशरच्या गोळीने लघवीला वारंवार जावं लागतं. विमानतळावर तिला व्हीलचेअर मिळाली, ती ढकलणारा मुलगा सलाम करून थेट विमानाच्या दारापर्यंत घेऊन गेला. तिथवर काहीच तक्रार नाही.

विमानात पाणी आलं तेव्हा अम्मीने ग्लास परत केला. नाश्त्याच्या वेळी चहाही नको म्हणाली. मला वाटलं, झोप आली असेल. मी आग्रह केला तेव्हा हळूच म्हणाली, "पुढे रस्ता आहे ना बाळा."

म्हणजे समुद्रावरून उडत असतानाच तिने हिशोब करून ठेवला होता. शारजा ते मुंबई साधारण एकोणीसशे किलोमीटर. मुंबई ते दिघी पावणेदोनशेच्या आसपास. आणि तिला भीती होती ती या पावणेदोनशेची.

सामान, निडोचे डबे, खजुराचे खोके टपावर बांधून साडेसातला गाडी निघाली. अटल सेतूवरून जायचं की वाशीवरून, यावर ड्रायव्हर आणि माझी बायको यांची चर्चा पनवेलपर्यंत चालली. पुढे पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड. या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली माझी मुलं आता कॉलेज संपवून स्वतः दुबईला नोकरी शोधत आहेत. पाऊस त्या वर्षी मे महिन्यातच येऊन बसला होता, त्यामुळे खड्डा कुठे आणि डबकं कुठे कळत नव्हतं. इंदापूरजवळ गाडी थांबली ती थांबलीच.

तिथे अम्मीला जायचं होतं. एका पेट्रोल पंपावर संडासाला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर अजून यायचा. दुसऱ्या ठिकाणी दार उघडं होतं, पण आत पाणी नव्हतं. बायकोने शेवटी एका घरात जाऊन विनंती केली. त्या ताईंनी पाट टाकला, गरम पाणी दिलं, चहा विचारला. अम्मीने चहा पुन्हा नाकारला. दुपारी दोनला घरी पोचलो, ती पायरीवरच बसली आणि तिला गरगरलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं. म्हणाले, अंगात पाणी नाही. एवढंच.

म्हसळ्याच्या पुढे तिने मला विचारलं होतं, जोहर इथेच कसर पढू की घरी जाऊन पूर्ण? मी म्हटलं, घरी पोचतोयच. आम्ही कोकणी शाफई. आमच्या फिकहमध्ये मुसाफिर आपल्या गावाच्या हद्दीत शिरला की मुकीम होतो, तोवर त्याला मुसाफिराच्या सवलती आहेत. विमान उतरलं की प्रवास संपला असं शरियत मानत नाही. मानतो तो आपण.

आणि मानतो त्याला कारण आहे. अब्बा सांगायचे, त्यांच्या वडिलांच्या काळात आखातात जायचं म्हणजे बोट. 'द्वारका' ही त्या मार्गावरची शेवटची प्रवासी बोट १९८२ साली बंद झाली. मुंबईला उतरलं की भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोट पकडायची, गावाजवळ बंदरात उतरायचं. दर्या खवळला की हाल व्हायचे, पण ते सगळ्यांचे एकत्र व्हायचे. नंतर विमान आलं, रियाल आले, दिनार आले आणि प्रत्येक घराने आपापली गाडी सांगायला सुरुवात केली. भाडं कितीही असो, वर्षातून एकदा तर येतो. ज्याला रस्ता सर्वांत जास्त खुपला असता, तो माणूस दोन महिन्यांनी परत गेलेला असतो. तो तहसीलदाराकडे जात नाही, ग्रामसभेत बसत नाही. त्याची मोठी घरं आमच्या गावात उभी आहेत, बरीचशी कुलूपबंद. पण विमानतळावरून म्हसळा-श्रीवर्धनकडे थेट बस हवी, वाटेत बायकांसाठी उघडी, स्वच्छ शौचालयं हवीत, अशी मागणी या घरांतून एकत्र गेलेली मला आठवत नाही.

केरळचे लोकही आपल्यासारखेच आखातात गेले. पण तिथे सरकारने १९९६ मध्ये परदेशस्थ केरळींसाठी वेगळं खातं काढलं. कोचीचा विमानतळ १९९९ साली सुरू झाला, त्यात हजारो परदेशस्थ माणसांनी भाग घेऊन पैसा घातला. तेही घरं बांधत होते, दागिने घेत होते. तरी हे केलं. (आपण मशिदीचा मिनार आणि कब्रस्तानची भिंत एकत्र बांधतो, हे खरं आहे. म्हणजे एकत्र पैसा काढायची सवय आहे.)

आता विमानतळ आपल्याच जिल्ह्यात आला आहे. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ ला विमानं उडू लागली, सुरुवात देशांतर्गत विमानांनी झाली. उद्या तिथे शारजाचं विमान उतरेल तेव्हा मुंबईतले दीड-दोन तास वाचतील. पेणपासून पुढचं तेच राहील. आगरदांडा-दिघी पुलाचं स्वप्न आम्ही अंतुले साहेबांच्या काळापासून ऐकतो आहोत, सध्या जंगलजेट्टीवर भागतं.

शाळेत मी दरवर्षी 'माझा अविस्मरणीय प्रवास' हा निबंध देतो. ज्यांचे बाप बाहेर आहेत ती मुलं विमान दोन ओळींत संपवतात आणि माणगावच्या ट्रॅफिकवर पानभर लिहितात. मी त्यांना लाल शाईने 'विषयांतर' असं लिहीत आलो. यंदा लिहिलं नाही.

गेल्या आठवड्यात मी एक अर्ज तयार केला. बस आणि शौचालयं, एवढ्या दोनच मागण्या. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, त्यात कुवेतपासून मस्कतपर्यंतची आपलीच माणसं आहेत. अर्ध्या तासात चौदा अंगठे आले. मग भावाचा मेसेज आला, "भाई, अर्जावर बाहेर राहणाऱ्यांच्या सह्या चालतात का?" त्याचं उत्तर शोधतोय. तेवढ्यात खाली कोणीतरी एका ड्रायव्हरचा नंबर टाकला होता. एसी गाडी, माणूस भरवशाचा, रस्त्यात हवं तिथे थांबवतो.