चोरून टिपलेली मैफल

जी कला क्षणांत जन्मते ती त्याच क्षणीं मरूं द्यावी, तिला यंत्रांत कोंडणें हा अपराध होय, असें प्रतिपादणारा एक पक्ष संगीतरसिकांत आहे. या पक्षाला आधारहि मोठा सांपडला आहे. 'किंग क्रिम्सन' या इंग्रज वाद्यवृंदाचे सूत्रधार रॉबर्ट फ्रिप यांनीं श्रोत्यांकडून चोरून होणाऱ्या ध्वनिमुद्रणाचा वर्षानुवर्षें कडक निषेध केला. वादक आणि श्रोता यांच्यामधील विश्वास त्यामुळें भंगतो, असें त्यांचें म्हणणें. फ्रिप यांच्याविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु अशीं मुद्रणें ऐकणें हेंहि पाप, तीं नष्ट झालीं तरच बरें, असा जो निष्कर्ष त्यांच्या कैवाऱ्यांनीं काढला आहे, तो आम्हांस साफ अमान्य आहे.

प्रत्यक्ष उदाहरणच घेऊं. १३ ऑक्टोबर १९७२ रोजीं पश्चिम जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं, झूम क्लब या ठिकाणीं, फ्रिप यांनीं नव्यानें जमविलेला पांच जणांचा संच प्रथमच लोकांपुढें आला. गिटारवर स्वतः फ्रिप, बासगिटार व गायन यांस जॉन वेटन, व्हायोलिनवर डेव्हिड क्रॉस, 'येस' हा यशस्वी वृंद सोडून आलेले ड्रमवादक बिल ब्रूफर्ड, आणि साखळ्या, पत्रे अशा वाटेल त्या वस्तूंतून नाद काढणारे जेमी म्यूर. 'लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक' ही त्यांची तबकडी निघावयास अद्यापि पांच महिने अवकाश होता. अशा स्थितींत या पांच जणांनीं जवळजवळ पाऊण तास, ऐन वेळीं सुचेल तसें, सलग वादन केलें. पुढें त्यास क्लबाच्या नांवावरूनच नांव मिळालें. तें आज कानीं पडतें तें केवळ एका गढूळ, ओबडधोबड मुद्रणामुळें.

आतां म्यूर यांचा विचार करा. १९७३ च्या आरंभीं, ती तबकडी बाजारांत येण्यापूर्वींच, त्यांनीं वृंद सोडला व ते बौद्ध मठांत गेले. २०२५ सालीं ते निवर्तले. वृंदाबरोबर त्यांनीं केलेली तबकडी ती एकच. श्रोत्यांसमोर, ठरीव रचनेचा आधार सोडून, हा मनुष्य काय करीत असे, हें सांगणारे पुरावे मोजके. त्यांत या फितीचें स्थान मोठें. ती जाळली असती तर विश्वासभंग भरून आला असता काय? मुळींच नाहीं. झालेला अन्याय तसाच राहिला असता, आणि त्यावर विस्मृतीची भर पडली असती.

उत्स्फूर्त वादन जतन करणें हेंच मुळीं त्याच्या प्रकृतीस विरुद्ध, हा दुसरा आक्षेप. यास उत्तर वृंदानेंच देऊन ठेविलें आहे. १९७४ सालीं निघालेल्या 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' या तबकडीचा मोठा भाग अ‍ॅम्स्टरडॅम येथील नोव्हेंबर १९७३ च्या जाहीर कार्यक्रमांतला आहे. श्रोत्यांचा गलबला तेवढा पुसून टाकलेला. म्हणजे उपज टिकवूं नये असें वादकांचें मत नव्हतें. कोणीं टिकवावी व कोणाच्या संमतीनें, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आणि तो अगदीं रास्त होता.

म्हणूनच चोरून मुद्रण करणाऱ्याच्या गळ्यांत हार घालावयास आम्ही तयार नाहीं. वादकाच्या संमतीवांचून त्याचें वादन टिपूं नये, हें तत्त्व १९६१ च्या रोम येथील आंतरराष्ट्रीय करारानेंहि मान्य केलें आहे. अशा तबकड्या विकून ज्यांनीं खिसे भरले आणि वादकांस एक छदामहि दिला नाहीं, त्यांनीं कलेची सेवा केल्याचा आव तरी आणूं नये. परंतु दोष कृत्याचा आहे, हातीं राहिलेल्या नादाचा नव्हे. कृत्य निंद्य म्हणून नाद मुका करावा, हा कोठला न्याय?

खरा मार्ग फ्रिप यांनींच दाखविला आहे. त्यांनीं १९९२ सालीं डेव्हिड सिंगलटन यांच्यासह डिसिप्लिन ग्लोबल मोबाइल ही संस्था काढली, आणि २००२ सालीं झूम क्लबचें तेंच मुद्रण, त्याच्या साऱ्या दोषांसह, तिच्या संग्राहक मंडळामार्फत प्रसिद्ध झालें. पुढें २०१२ च्या बृहत् संचांतहि त्यास जागा मिळाली. ज्यांची वस्तु होती त्यांच्या हातीं ती आली. कलेचा ठेवाहि बुडाला नाहीं आणि वादकांचा हक्कहि बुडाला नाहीं. निषेधकर्त्यानें जें ऐकावयास दिलें, तें ऐकूं नका म्हणून त्याच्याच कैवाऱ्यांनीं बजावावें, यास निष्ठा म्हणावें कीं हट्ट?

तेव्हां ज्यांच्या कपाटांत अशा फिती पडून असतील, त्यांस आमचें सांगणें स्पष्ट आहे. त्या विकूं नका, जाळूंहि नका. ज्यांचें वादन तींत आहे त्यांच्या, किंवा त्यांच्या वारसांच्या, स्वाधीन करा. पुढील निर्णय त्यांचा.