मुलीचे चुकत नव्हते, हँडल ढिले होते



घरातली सायकल डगमगली की पहिला दोष चालवणाऱ्याला मिळतो. त्यात चालवणारी मुलगी असली तर विचारायलाच नको. गेल्या पावसाळ्यात आमच्याच घरात हे घडले, म्हणून आज तेच लिहितो.

धाकट्या भावाची मुलगी नववीत आहे. वेहेरगावाहून कार्ल्याला शाळेत सायकलने जाते. सायकल जुनी, काळी, सळईच्या ब्रेकची. पोरगी घरी येऊन सांगायची, "बाबा, उतारावर ब्रेक दाबला की हँडल थरथरतंय." भाऊ पाळीवरून दमून आलेला. "दोन्ही हातांनी नीट धर, लक्ष रस्त्यावर ठेव," एवढे सांगून तो मोकळा व्हायचा. मग तिने उतारावर सायकल हातात धरून चालायला सुरुवात केली. शाळेला उशीर होऊ लागला आणि बोलणीही तिलाच बसू लागली. एका रविवारी मी गेलो तेव्हा ती म्हणाली, "नाना, तुम्ही एकदा बघा ना."

मी तरुणपणी तळेगावात सायकलच्या दुकानात काम केले आहे. तिची सायकल भिंतीजवळ नेली, हँडल काटकोनात वळवले आणि पुढचे चाक आडवे करून सायकल पुढे-मागे हलवली. डाव्या हाताचे बोट चिमटा आणि फ्रेम जिथे मिळतात त्या फटीवर ठेवले होते. बोटाला स्पष्ट 'टक टक' लागली. पोरीचे काही चुकत नव्हते. हँडलच्या वाट्या ढिल्या झाल्या होत्या.

हे ढिले का होते? चिमट्याची दांडी फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर जाते. नळीच्या वर आणि खाली एकेक वाटी असते आणि त्यांत छर्रे फिरतात. रस्त्याचा प्रत्येक धक्का आधी खालच्या वाटीला बसतो. चाकाने उडवलेले पाणी आणि चिखलही तिथेच जातो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या पाण्याने ग्रीस धुऊन जाते, छर्रे कोरडे घासतात आणि वाटी झिजते. शिवाय धक्क्यांनी वरचा नट हळूहळू सुटतो. आपल्या सायकलींना द्रुतगती मार्गावर बंदी आहे. आपण जातो ते जुन्या महामार्गावरून, ट्रकच्या शेजारून. तिथे हँडल वीतभर जरी भरकटले तरी काय होईल, ते सांगायला नको.

आधी दोष कुठे आहे ते ओळखा. चाक हातात धरून डावी-उजवीकडे हलवा. चाकच लटपटत असेल तर ढिलाई चाकाच्या आसात आहे. ब्रेक दाबून सायकल हलवल्यावर फक्त ब्रेकच्या सळया खडखडत असतील तर दोष ब्रेकचा आहे. चाक आडवे करून हलवताना फटीवरच्या बोटाला हालचाल लागली तरच हँडलच्या वाट्या ढिल्या समजाव्यात. आणखी एक खूण आहे. पुढचे चाक चार बोटे उचलून सोडून द्या. ढिल्या हँडलमधून 'खट्' असा आवाज येतो.

आता दुरुस्ती. इथे बहुतेकांची एकच चूक होते. हँडलच्या दांड्याच्या डोक्यावर जो बोल्ट दिसतो तोच ते आवळतात. जुन्या सायकलीत तो बोल्ट हँडलला चिमट्यात घट्ट धरतो. वाट्यांची ढिलाई त्याने जात नाही. त्याच्या खाली, फ्रेमच्या नळीवर, मोठा चपटा नट असतो आणि त्याच्याखाली आट्यांची वाटी. मोठ्या पान्याने आधी तो नट थोडा सैल करा. मग वाटी हाताने उजवीकडे फिरवून टेकेपर्यंत आवळा आणि केसभर मागे घ्या. वाटी धरून ठेवून नट पक्का करा. नट आवळताना वाटीही थोडी फिरते, म्हणून पुन्हा तपासा. दोन-तीन वेळा केल्यावर हात बसतो. नटाच्या कडा खराब होतील, म्हणून पक्कड लावू नका.

जास्त आवळणेही तितकेच वाईट आहे. पुढचे चाक उचलून सायकल थोडी एका बाजूला कलवा. हँडल आपोआप त्या बाजूला वळले पाहिजे. अडकत असेल तर वाटी सैल करा. घट्ट हँडलची सायकल तोल सांभाळू देत नाही, नागमोडी पळते. हँडल नेमके मधोमध आले की 'अडकल्यासारखे' वाटत असेल, तर वाटीत छर्‍यांचे खड्डे पडले आहेत. ते आवळून जाणार नाहीत. वाट्या, कोन आणि छर्रे सगळेच बदलावे लागतात. नवी वाटी नळीत सरळ ठोकून बसवावी लागते, ते काम दुकानातच द्यावे. चिमट्याला किंवा फ्रेमला तडा दिसला, तर त्या सायकलवर बसूच नका.

पावसाळा संपला की एकदा सगळे उघडून साफ करावे. खाली जुने फडके अंथरा, म्हणजे छर्रे हरवणार नाहीत. वरच्या आणि खालच्या वाटीतले छर्रे मोजून वेगळे ठेवा. रॉकेल किंवा डिझेलने पुसून वाळवा, वाटीत ग्रीस भरा आणि त्यात छर्रे चिकटवा. ओळ खच्चून भरू नका, छर्‍यांना फिरायला जागा लागते. एकही छर्रा झिजलेला असेल तर त्याच मापाचा पूर्ण संच बदला.

आता मुलांकडे गिअरच्या सायकली आल्या आहेत. त्यांपैकी अनेकांत रचना उलटी असते. हँडलच्या दांड्याच्या बाजूचे दोन स्क्रू आधी सैल करायचे, वरचा स्क्रू थोडा आवळून ढिलाई काढायची, हँडल चाकाच्या रेषेत आणायचे आणि बाजूचे स्क्रू पक्के करायचे. हा क्रम चुकवला तर वरचा स्क्रू कितीही पिळला तरी उपयोग होत नाही.

त्या रविवारी पोरीच्या सायकलीच्या वाट्या शाबूत निघाल्या. साफसफाई, ग्रीस आणि नट, एवढेच काम होते. मी वाटी धरली आणि पाना तिच्या हातात दिला. भाऊ उंबऱ्यात उभा राहून बघत होता. काही बोलला नाही. चार दिवसांनी छर्रे बसले की नट पुन्हा तपासायचा असतो, हे मी तिला सांगून ठेवले होते. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला, "तपासला तिने. मी नुसती सायकल धरली होती."

तेव्हा महिन्यातून एका रविवारी घरातली प्रत्येक सायकल भिंतीला लावून पाहा. आणि पोर म्हणाले की सायकल डगमगते, तर आधी फटीवर बोट ठेवा आणि मगच त्याला बोला.