उंट काढा, घायपात लावा!

बालमित्रांनो, आमच्या चौथीच्या वर्गात नुकताच एक रेल्वेमार्ग तयार झाला. घाबरू नका, बाकांच्या मधून गाडी धावत नाही! चार फूट बाय दोन फुटांची प्लायवूडची फळी, तिच्यावर सेलवर पळणारी छोटी गाडी आणि भोवती देखावा, एवढंच.

गाडी कोणती दाखवायची, यावर वर्गात बरीच भांडाभांडी झाली. शेवटी ठरलं, पाण्याची गाडी! एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याच्या पाण्याचे फार हाल झाले होते. तेव्हा आपल्या कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवलं गेलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. टाक्या राजस्थानात कोट्याला वाफेने धुऊन आणल्या होत्या. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून ही गाडी १२ एप्रिलला पहाटे लातूरला पोचली. तुम्ही तेव्हा अगदी तान्हे असाल, किंवा जन्मलाही नसाल.

"बाई, दुष्काळ म्हणजे वाळवंटच की!" मुलं म्हणाली. झालं. फळीवर पिवळी वाळू पसरली, प्लॅस्टिकची खजुराची दोन झाडं उभी राहिली आणि कुणीतरी घरून उंट आणला. मीसुद्धा म्हटलं, "वा, छान!"

वर्गात एक मुलगी जत तालुक्यातून यंदाच आलेली. तीन महिने झाले तरी ती हजेरीला 'उपस्थित' म्हणण्यापलीकडे बोलत नसे. ती हळूच फळीजवळ आली आणि म्हणाली, "बाई, गाडी आमच्याकडनं गेली, पण ह्यो मुलूख आमचा न्हाई. आमच्याकडं उंट कुठं असत्यात?"

मी चपापले. मिरजेहून लातूरला जाणारी गाडी कवठे महांकाळ, जत रोड, सांगोला, पंढरपूर अशी जाते. तो प्रदेश कोरडा आहे खरा, पण वाळवंट नाही. सह्याद्री पावसाळी ढगांचं बहुतेक पाणी आधीच काढून घेतो. आपल्या जिल्ह्यातल्या गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जत-आटपाडीकडे पाचशेच्या आसपास. म्हणून त्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते बरं का! आणि तरीही उंटाला 'छान' म्हणून बसले.

"मग कसा आहे तुमचा मुलूख?" मी विचारलं. ती पोर पुढचा अख्खा तास बोलत होती! आम्ही उंट काढला, वाळू झाडली आणि तिच्या सांगण्यावरून नव्याने सुरुवात केली. तुम्हीही करून बघा.

आधी माप. आमची गाडी १:८७ मापाची, म्हणजे खरी वस्तू ८७ पट मोठी. या मापात मोठा माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो आणि सहा मीटरची बाभूळ सात सेंटिमीटरची. आमचा उंट होता दहा सेंटिमीटर! करा गुणाकार. पावणेनऊ मीटर, म्हणजे तिथल्या बाभळीहूनही उंच!

डोंगर. तिकडचे डोंगर माथ्यावर सपाट आणि अंगाने पायऱ्यापायऱ्यांचे असतात. सहा-सात कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून ते बनले. म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक चिकटवा, वरचा तुकडा खालच्यापेक्षा लहान. त्यावर कागदाचा लगदा पातळ लिंपा, पण पायऱ्या बुजवू नका. मागचे डोंगर फिक्या निळसर राखाडी रंगाचे करा, म्हणजे ते लांब गेल्यासारखे दिसतात.

जमीन. ती एकरंगी नसते. माळावर तांबूस मुरूम चाळून टाका. शेताच्या जागी काळी चिकणमाती कालवून पातळ थर द्या आणि उन्हात ठेवा. वाळताना माती आकसते आणि तिला आपोआप भेगा पडतात. अशा भेगा ब्रशने काढून जमायच्या नाहीत!

खडी. रुळांमध्ये चाळलेली बारीक वाळू भरा. आधी साबणाचा एक थेंब घातलेलं पाणी शिंपडा, मग पाण्यात पातळ केलेलं फेविकॉल ड्रॉपरने सोडा. साबणामुळे फेविकॉल खाली मुरतं. नाहीतर त्याचे गोळे होतात आणि वाळूही हलते.

झाडं. जुन्या वायरमधली तांब्याची तार पिळून बाभळीचं खोड करा. फांद्या वर पसरट ठेवा, छत्रीसारख्या. वाळवलेला चहाचा चोथा हिरवा रंगवून विरळ चिकटवा. रुळाच्या कडेला घायपात हवीच! हिरव्या कागदाच्या टोकदार पट्ट्या एका बुडख्यात गोल चिकटवल्या की झाली घायपात. वाळलेलं गवत बारीक कातरून मधूनमधून लावा. कापसाची मेंढरं मात्र आमच्या मैत्रिणीनेच केली, मोजून तेवीस!

ओढा. ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमच्यातला एक जण म्हणाला, "पाणीच नाही, तर पूल कशाला?" ती म्हणाली, "चार दिस पडतो, पण धो धो पडतो!" म्हणून ओढ्याचं पात्र खोल कोरा, तळाला वाळू घाला, वळणावर गोटे ठेवा आणि वर पूल बांधा. कोरडा मुलूख दाखवायचा, तर पाणी कुठून वाहून गेलं हे दाखवावं लागतं.

शेवटी तिने फळीच्या एका कोपऱ्यात हिरवा पट्टा रंगवला. "म्हैसाळचं पाणी आलंय तिथं," ती म्हणाली. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचं पाणी उचलून तिकडच्या काही गावांत नेलं आहे. म्हणजे तिचा मुलूख कोरडा आहे तसा हिरवाही होतो आहे. हे आमच्यापैकी कुणाला सुचलं असतं?

पालकसभेला तिचे वडील आले. फळीजवळ वाकून बराच वेळ बघत राहिले. मग पुलावर बोट ठेवून लेकीला म्हणाले, "असल्याच पुलाखालनं मी शाळंला जायचो." ती हसली. आता ती हजेरीलाच काय, मधल्या सुट्टीतही बोलते. कधीकधी गप्प बस म्हणावं लागतं!

पालकांनो, पुण्याला गेलात तर मुलांना कोथरूडचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय जरूर दाखवा. भाऊ जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदातून ते उभं राहिलं आणि १९९८ साली सर्वांसाठी खुलं झालं.

आणि मुलांनो, दिवाळीचा किल्ला असो की रेल्वेचा देखावा, एखादा मुलूख करायला घेतलात, तर रंगाची डबी उघडण्याआधी तिथलं कुणी आसपास आहे का, ते बघा. बहुतेक वेळा ते माणूस तुमच्याच वर्गात, शेवटच्या बाकावर गप्प बसलेलं असतं. त्याला विचारा. मग लागा कामाला!