भंगारात होती तेव्हा माझी!

परवा दादाचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलून झालं आणि मग अगदी सहज म्हणाला, "अण्णांची गाडी चालू केलीस म्हणे. बरं केलंस. पण अगं, घरची गाडी आहे, घरीच असलेली बरी. आमच्या पोरालाही हौस आहे." मी ‘बघू’ म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. म्हटलं, तुमच्याशीच बोलावं.

गाडी म्हणजे येझदी, अडीचशे सीसीची, १९७४ सालची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तिथे १९६१ पासून जावा निघायच्या, १९७३ पासून येझदी नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखानाच बंद पडला. सिलिंडर एक, सायलेन्सर मात्र दोन. गिअरची जी दांडी, तीच आत दाबून वर फिरवली की किक! अण्णा मास्तर होते. बदलीच्या गावाला याच गाडीवर जायचे. टू-स्ट्रोक गाडीत पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑईलचं. कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त झालं तर नुसता धूर. अण्णा लिटरला चाळीस मिली घालायचे आणि ते मोजून द्यायचं काम माझं होतं. पाना धरायची वेळ आली की मात्र हाक दादाला. मी लांबून बघायचे.

२०१६ मध्ये अण्णा गेले. घराची वाटणी झाली तेव्हा मी मुकाट्याने हक्कसोडपत्रावर सही केली. तुमच्यातल्या कितीजणींनी केली असेल! गाडी गोठ्यात पडून होती, वर कडब्याच्या पेंढ्या. वहिनी म्हणाली, "भंगारवाला बोलावलाय. तुम्हाला हवी तर न्या, तेवढीच जागा मोकळी होईल." दुसऱ्याच दिवशी मी टेम्पो घेऊन गेले. ह्यांनी कपाळाला हात लावला, पण टेम्पोचं भाडं मात्र त्यांनीच दिलं, ते सांगायला हवं.

इंजिनचं काम गावातल्या जुन्या मिस्त्रींनी केलं. बोअर केला, पिस्टन-रिंगा घातल्या, क्रँकची बेअरिंगं बदलली. भिशीचे सगळे पैसे त्यात गेले. वायरिंगपाशी घोडं अडलं. उंदरांनी निम्म्या वायरी कुरतडल्या होत्या, उरलेल्यांचं वरचं प्लास्टिक हात लावला की गळून पडत होतं. मिस्त्री म्हणाले, "ताई, सहा व्होल्टचं काम आता कोण करत बसत नाही. डायनॅमो काढून बारा व्होल्टचं करून टाकू."

तसं करतात बरेच लोक, त्यात वाईट काही नाही. पण माझा जीव होईना. अण्णांचा डायनॅमो उघडून पाहिला. कार्बन झिजलेले आणि तांब्याचा भाग काळा पडलेला, बाकी धडधाकट. नवे कार्बन मिळाले, झिरो पेपरने तांबं घासलं. मग जुनी एकेक वायर काढताना ती कुठून निघते, कुठे जाते, हे कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेतलं. जुन्या पोलक्याची शिवण उसवून मापं काढतो ना, अगदी तसं. मी पंचवीस वर्षं शिवणकाम करते. त्यामुळे लांबी मोजणं, वळणाला थोडा मायेचा भाग ठेवणं, गुंडाळून बांधणं हे हाताला नवं नव्हतं. डाग द्यायला मात्र शिकावं लागलं. बोटं भाजली दोनदा.

सहा व्होल्टचा एक स्वभाव आहे. पस्तीस वॅटचा दिवा बारा व्होल्टवर साधारण तीन अँपिअर करंट घेतो, सहा व्होल्टवर जवळजवळ सहा. करंट दुप्पट, म्हणून वायर जाड लागते आणि सांधा पक्का लागतो. अर्धा व्होल्ट वाटेत गळला तर बारातनं फार जाणवत नाही, सहातनं दिवा पार मलूल होतो. वायरी पिळून वर टेप गुंडाळायची मिस्त्री लोकांची जी रीत आहे, ती इथे चालत नाही.

सगळं जोडलं आणि हेडलाइट लागला तो उदबत्तीसारखा. मागचा दिवा तर लागेचना. मिस्त्रींनी बॅटरीवर खापर फोडलं. मी सहा व्होल्टचा एक बल्ब आणि दोन वायरी घेऊन रात्री साडेअकरापर्यंत तपासत बसले. दिव्यापर्यंत करंट येत होता, परत जात नव्हता! गाडीत परतीची वेगळी वायर नसते, सांगाड्याचं लोखंडच ते काम करतं. आणि आम्ही हौसेने सांगाडा नि मडगार्ड नव्या मरून रंगात न्हाऊन काढलेलं. रंगातून करंट जाणार कसा? नख लावायला जिवावर येत होतं, तरी तीन ठिकाणी बोल्टखालचा रंग खरवडून काढला. बटण दाबलं आणि समोरच्या भिंतीवर पिवळा गोल पडला. मी एकटीच होते अंगणात. ओरडले नाही, पण डोळे भरले.

आता दादाचा फोन. भंगारात होती तेव्हा ती ‘न्या बाई’, आणि दिवा लागल्यावर ‘घरची’. घर म्हणजे नेमकं कोणाचं?

मला राग आला, पण खरं सांगू का, चूक माझीच आहे. आरसी बुक अजून अण्णांच्या नावावर! मी नट-बोल्ट मोजून डब्यात भरले, पण कागदाकडे पाहिलं नाही. शिलाई मशीनला तेल घालणारी बाई त्याची पावतीही जपून ठेवत नाही, तशी आपली गत. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या मागे राहिलेल्या गाडीत, भांड्यात, पैशात मुलीचा मुलाइतकाच वाटा असतो, १९५६ च्या कायद्यापासून. गाडी नावावर करायला फॉर्म ३१ असतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, मला इतकी वर्षं झाली! दंड भरीन, हस्तलिखित नोंद संगणकावर चढवायला खेटे घालीन. पण संमती दादाचीच लागणार. पाना उचलायच्या आधी ती घेतली असती, तर त्याने हसत सही केली असती. म्हणून म्हणते, माहेरचं काहीही ‘घेऊन जा’ म्हणून मिळालं, तर आधी कागद, मग काम.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी व्हिंटेज नोंदणीही आहे, वीस हजार रुपये भरून. पण मग रोजच्या वापराला ती रस्त्यावर काढता येत नाही. मला तर बाजाराला जायचंय तिच्यावरून, पिशवी हँडलला अडकवून. म्हणून साधीच नोंदणी नव्याने करून घेणार आहे. तोवर अंगणातच चालवते.

काल दादाला संमतीपत्राचा मसुदा मोबाईलवर पाठवला. खाली लिहिलं, "पोराला घेऊन ये, वायरिंग शिकवते." दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर अजून नाही.