खिशातली चौकी



किरकोळ गुन्ह्याला अटक नको, लॉकअप नको. पोलिसानं यंत्रात नाव घालावं, मोबाईलवर नोटीस धाडावी, मोबाईलवरच दंड घ्यावा. असल्या कायद्याची बात निघाली की सुधारक साहेबलोक टाळ्या पिटतात. मी पिटणार नाही. लॉकअपची रात्र टळते हे चांगलंच; ती रात्र कुणाच्या वाट्याला येते ते आपल्याला ठाऊक आहे. पण काठीच्या जागी काच आली म्हणून धरणारा हात बदलत नाही.

'किरकोळ गुन्हा' म्हणजे काय ते आधी बघा. रस्त्याकडेला लघवी करणं, फूटपाथवर हातगाडी लावणं, रात्री नाक्यावर उभं राहणं. ज्याच्या घरात संडास आहे, दिवाणखाना आहे, बाजारात गाळा आहे, तो हे गुन्हे करेल कशाला? ज्याचं अख्खं जगणं रस्त्यावर, त्याचं जगणंच गुन्हा. १९५१ च्या पोलीस कायद्यातली ११०, ११७ ही कलमं आमच्या वस्तीतल्या पोरांना पाढ्यासारखी पाठ आहेत. कुलाब्याच्या बंगल्यातल्या पोराला विचारा, त्याला माहीत नसतील.

अमेरिकेत मिसुरी राज्यात फर्ग्युसन नावाचं गाव आहे. ज्या काळ्या माणसांच्या लढ्यातून 'पँथर' हे नाव १९७२ साली मुंबईत आलं, त्यांच्याच भाईबंदांची तिथं वस्ती. ९ ऑगस्ट २०१४ ला मायकल ब्राऊन या अठरा वर्षांच्या पोराला पोलिसानं हटकलं, का तर रस्त्याच्या मधून चालतो. काही मिनिटांत पोरगा गोळ्या लागून मेला. २०१५ साली त्यांच्याच न्याय खात्यानं हिशेब मांडला. गावात काळे ६७ टक्के. २०१२ ते २०१४ मधल्या दंडाच्या चिठ्ठ्यांत मात्र ९० टक्के. गावच्या तिजोरीला दंडाची चटक लागलेली. एकट्या २०१३ साली कोर्टानं ९००० च्या वर वॉरंटं काढली, बरीचशी असल्याच फुटकळ भानगडीत. म्हणजे अटकेऐवजी दिलेली चिठ्ठी दंड थकला की अटक घेऊनच दारात येते.

हे सगळं माणसाच्या हातानं झालं. यंत्राचा तर हातही दुखत नाही.

आपल्याकडे रूळ टाकून झालेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. समन्स आता इलेक्ट्रॉनिक निघू शकतं. कलम २२९ मध्ये सोय आहे : फक्त दंडाचा, ५००० रुपयांपर्यंतचा गुन्हा असेल तर कोर्टात येऊ नका, गुन्हा लेखी कबूल करा, पैसे पाठवा. ही दोन्ही मोबाईलवर एकत्र आणा. उरतं एक बटण : 'पैसे भरा'. ते दाबणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, हे कुणी मोठ्या अक्षरात लिहिणार नाही. भाजीवाली बाई दिवसाचा धंदा बुडवून 'मी काही केलं नाही' सांगायला कोर्टात जाईल की बटण दाबेल? दाबेलच. पोटच दाबायला लावील. अशी चार बटणं झाली की चौकीतला साहेब तिला 'सराईत' म्हणायला मोकळा.

मोबाईल तरी कुणाचा? घरात एक, त्यातला रिचार्ज संपलेला. २०२५ साली सुप्रीम कोर्टानं बजावलं, पोलिसांपुढं हजर राहण्याची कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर चालणार नाही. प्रश्न माणसाच्या स्वातंत्र्याचा आहे. मग दंडाची नोटीस न दिसलेल्या माणसाचं स्वातंत्र्य काय रद्दीत घालायचं?

१८७१ साली इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मलेल्या पोरावर आईबापाच्या जमातीचा शिक्का. १९५२ साली तो कायदा गेला, पण पारधी पोराकडं बघणारी चौकीची नजर गेली नाही. ते रजिस्टर कागदाचं होतं, त्याला वाळवी तरी लागायची.

म्हणून असा कायदा येईल तेव्हा आपण विचारायचं : 'मला मान्य नाही' हे बटण कुठं आहे, तेही मराठीत? फुकट वकील कुठं आहे? थकलेल्या दंडासाठी वॉरंट निघणार का? नोंद किती वर्षांनी पुसणार? कुठल्या चौकीनं कुठल्या वस्तीतल्या, कुठल्या जातीच्या किती माणसांना दंड केला, तो आकडा दर महिन्याला चौकीबाहेर लावणार का? आणि संडास बांधण्याआधी लघवीचा दंड कुठल्या तोंडानं मागता?

उत्तरं मिळेपर्यंत त्यांचं यंत्र त्यांच्याच खिशात राहू द्या.