तटस्थतेला बळाचे कवच हवे

‘आम्ही कोणाच्याही भांडणात नाही’ असे घोषित केले की युद्ध उंबरठ्याबाहेर थांबते, हा भ्रम आहे. गोव्याच्या मुरगाव बंदराने तो दोनदा फुटताना पाहिला.

पहिल्या महायुद्धात पोर्तुगाल प्रारंभी युरोपच्या रणांगणापासून दूर होता. मात्र जहाजांच्या टंचाईने त्रासलेल्या ब्रिटनच्या आग्रहावरून त्याने १९१६ मध्ये आपल्या बंदरांत आश्रयाला असलेली जर्मन जहाजे जप्त केली. त्यांत मुरगावचीही होती. ९ मार्चला जर्मनीने त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारले.

दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगालने तटस्थता जाहीर केली. तरीही ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावरून पाणबुड्यांना संदेश जातात, या संशयाने ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिश तुकडीने मुरगावात शिरून त्यावर हल्ला चढविला. त्याच वर्षी अझोर बेटांवरील तळही पोर्तुगालने ब्रिटनला दिले. जुन्या मैत्रीचे ओझे, दूरच्या वसाहतींची चिंता आणि तोकडे आरमार असले की तटस्थता कागदावरच उरते. गोमंतकीयांना तर दोन्ही वेळा कोणी विचारलेही नाही.

२०२३ च्या अखेरीस लाल समुद्र पेटला, तेव्हा भारत त्या संघर्षात नव्हता. तरी न्हावा-शेवाहून युरोपकडे निघालेल्या मालाला आफ्रिकेचा वळसा पडला आणि त्याची झळ महापेसारख्या औद्योगिक वसाहतींच्या दारापर्यंत आली. त्या वेळी भारतीय युद्धनौका अरबी समुद्रात पहाऱ्यावर उभ्या राहिल्या. शिवरायांनी याच परिसरात, कल्याण-भिवंडीच्या खाडीत, आरमाराचा पाया का घातला, याचे उत्तर त्यात आहे. परक्याच्या युद्धापासून अलिप्त राहण्याचा अधिकार समर्थालाच टिकविता येतो.