परक्या सागरांची वाट

समुद्राच्या तळाशी सूर्यप्रकाशावाचून जीवसृष्टी फुलू शकेल, असे पन्नास वर्षांपूर्वी फारसे कोणाला वाटत नव्हते. १९७७ साली हा समज पालटला. ‘अल्विन’ नावाची तीन माणसांची छोटी पाणबुडी पॅसिफिक महासागरात, गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे २,५०० मीटर खोल उतरली. तेथे तळाच्या भेगांतून ऊन पाणी उसळत होते आणि त्याभोवती शिंपल्यांची व लांबलचक नळीकृमींची दाट वस्ती होती. भूगर्भातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडपासून शक्ती मिळवणारे जीवाणू हेच त्या वस्तीचे पोशिंदे होत.

वाचकहो, या शोधाचे महत्त्व पृथ्वीपुरते राहिले नाही. सूर्यावाचून जीवन चालत असेल, तर दूरच्या उपग्रहांवर बर्फाखाली दडलेल्या सागरांतही ते का नसावे? गुरूच्या युरोपा या उपग्रहावर असा खारा सागर असावा, हे ‘गॅलिलिओ’ यानाच्या चुंबकीय मोजमापांवरून दिसून आले. शनीच्या एन्सेलाडसवरून उडणारे पाण्याचे फवारे ‘कॅसिनी’ यानाने २००५ साली पाहिले. पुढे त्यांत हायड्रोजन वायूही सापडला. आपल्या सागरतळावरील कित्येक सूक्ष्म जीवांचे तेच अन्न आहे.

आता प्रश्न उरतो तेथे बुडी मारण्याचा. युरोपाचा सागर सुमारे १०० किलोमीटर खोल असावा. हा आकडा छाती दडपणारा खरा. परंतु तेथील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सातव्या हिश्श्याहूनही थोडे कमी आहे. त्यामुळे वरच्या बर्फाचे ओझे धरूनही तळाचा दाब आपल्या सर्वांत खोल सागरी दरीतील दाबाच्या सुमारे दीडपट भरतो. दाब सोसणारी याने बांधण्याची विद्या माणसाला अगदीच अपरिचित नाही.

खरी अडचण मार्गदर्शनाची. पृथ्वीवरून गुरूपर्यंत संदेश जाण्यास साधारण पाऊण तास लागतो आणि पाण्यात तर रेडिओलहरी लवकरच विरून जातात. यंत्राला वाट स्वतःच शोधावी लागेल. म्हणून अमेरिकेतील वुड्स होल सागरविज्ञान संस्था आणि ‘नासा’ची जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळा यांनी मिळून ‘ऑर्फियस’ हे चालकरहित यान घडवले. सागरतळाची छायाचित्रे घेत, ओळखीच्या खुणा लक्षात ठेवत ते मार्ग काढते. २०२१ साली त्याच्या चाचण्या खोल समुद्रात झाल्या.

अशा यानांची विद्या आपल्या देशातही रुजत आहे. चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था व गोव्याचे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र यांच्या शास्त्रज्ञांनी २०२४ च्या डिसेंबरात हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोलीवरील उष्णजलाच्या झऱ्याचे छायाचित्र स्वयंचलित यानाने टिपले.

या साऱ्या खटाटोपात एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे लागते, ते स्वच्छतेचे. अंटार्क्टिकातील व्होस्टोक सरोवरापर्यंत, जवळजवळ पावणेचार किलोमीटर बर्फ भेदून, रशियन शास्त्रज्ञ २०१२ साली पोहोचले. पण वेधनासाठी वापरलेले केरोसीन नमुन्यांत मिसळले आणि सापडलेले जीवाणू सरोवराचे की बाहेरून गेलेले, हा वाद माजला. युरोपावर अशी गफलत झाली, तर आपण आपल्याच जंतूंना परक्या सृष्टीचे रहिवासी समजू. शिवाय तेथे खरोखर जीव असतील, तर त्यांना अपाय होईल तो वेगळाच. हाच धोका टाळण्यासाठी २००३ साली ‘गॅलिलिओ’ यान मुद्दाम गुरूच्या वातावरणात लोटून नष्ट करण्यात आले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले ‘युरोपा क्लिपर’ २०३० साली गुरूजवळ पोहोचावे, अशी योजना आहे. ते बर्फावर उतरणार नाही. युरोपाजवळून ४९ वेळा जाऊन तेथील परिस्थिती जीवनास अनुकूल आहे की नाही, एवढेच पारखील. बुडी मारणारे यान त्यानंतर केव्हातरी निघेल. कदाचित ते घडवणारे हात आज आपल्याच एखाद्या घरात शाळेची वही उघडून बसलेले असतील. त्यांना समुद्राची गोडी लावणे तरी आपल्या हाती आहे.